कबड्डीचा थेट गुणफलक : कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

मंडळाच्या स्पर्धा २४ ते २६ जानेवारी, प्रकाशझोतात. दोन मैदानं, खुला गट आणि ६५ किलो. दर वर्षी पुण्या-मुंबईतली आमची पोरं व्हॉट्सॲपवर "स्कोअर काय?" विचारून जीव खातात, आणि मैदानावरून उत्तर देणारा दोन चढाया मागचं सांगतो. अध्यक्षांनी चहा पाजून काम गळ्यात घातलं. टेबलावर बटण दाबलं की गुण लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर आणि मंडपातल्या टीव्हीवर दिसले पाहिजेत.

"लगेच म्हणजे किती?"

"लोक ओरडायच्या आत."

नोकरीत इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मला कुणी दिलेली नाही.

गुणलेखक आमचे गुरुजीच. शाळेतून निवृत्त झाले, पण गुणपत्रिका अजून त्यांच्याच अक्षरात असते. त्यांची अट एकच: कागद बंद होणार नाही. "आधी कागद, मग तुझा फोन." मान्य.

४ डिसेंबर

वाट ठरवायची होती. सगळ्यात सोपी म्हणजे पोलिंग: प्रत्येक फोन दर २ सेकंदांनी सर्व्हरला विचारणार, काही नवीन आहे का? ५०० प्रेक्षक धरले तर सेकंदाला २५० विनंत्या. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे बहुतेक वेळा उत्तर "काही नाही" हेच. दारावर येऊन बेल वाजवत राहणाऱ्या पोरांसारखं.

दुसरी वाट सर्व्हर-सेंट इव्हेंट्स. साधीच एचटीटीपी विनंती (ब्राउझर वेबपान मागवतो तशी), फक्त सर्व्हर उत्तर संपवत नाही, एकेक ओळ पाठवत राहतो. प्रेक्षकांना एवढं पुरेसं आहे, ते फक्त बघणार. पण टेबलाचं तसं नाही. तिथून गुण जाणार, पोच परत येणार, दुसऱ्या मैदानाचं टेबल काय करतंय तेही दिसणार. दोन्ही बाजूंनी बोलणं हवं, म्हणजे वेबसॉकेट. दोन पद्धती सांभाळण्यापेक्षा सगळ्यांना वेबसॉकेटच देतोय. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) 'डब्ल्यूएस' नावाची छोटी लायब्ररी आहे, तीच. सॉकेट-आयओ ही मोठी तयार लायब्ररी घेतली असती तर निम्मं काम आयतं मिळालं असतं हे माहीत आहे. पण आत काय चालतं ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचंय, आणि मंडळ पैसे देत नसल्यामुळे एवढी चैन मला परवडते.

८ डिसेंबर, रविवार

पहिली जोडणी लागली. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या टॅबवर बघत बसलो होतो.

सुरुवात साध्या गेट विनंतीनेच होते. त्यात 'अपग्रेड: वेबसॉकेट' असा हेडर (विनंतीच्या माथ्यावरची ओळ) असतो आणि ब्राउझरने तयार केलेली एक यादृच्छिक किल्ली. सर्व्हरने त्या किल्लीला एक ठरलेली अक्षरमाळ जोडायची, तिचा शा-१ (ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून, परत पाठवायचा. ही माळ २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या नियमावलीतच लिहिलेली आहे, '२५८ईएएफए५' ने सुरू होणारी, आणि जगात सगळ्यांना तीच. मग यात गुपित काय? काहीच नाही. समोरचा खरंच वेबसॉकेट जाणतो, नुसती विनंती पुढे ढकलणारा कुणी मधला नाही, एवढीच ती खूण. उत्तराचा कोड नेहमीचा २०० नसतो, १०१ ('भाषा बदलतोय') येतो, आणि तिथून पुढे त्याच टीसीपी जोडणीवर एचटीटीपी संपतं.

त्यानंतरचं सगळं हलकं. लहान संदेशाला सर्व्हरकडून येताना २ बाइटचा मथळा लागतो. ब्राउझरकडून जाताना त्यात ४ बाइटची मास्किंग-की भरते आणि मजकूर तिच्याशी एक्सऑर होऊन (बिटाबिटाने मिसळून) जातो. ते कुलूप नव्हे, किल्ली सोबतच जाते. मधल्या एखाद्या प्रॉक्सीने आपला मजकूर एचटीटीपी समजून कॅशमध्ये भलतंच साठवू नये म्हणून ही काळजी. खरं कुलूप टीएलएसचं, ते वेगळं लावलंय.

एका खिडकीत बटण दाबलं, दुसऱ्या खिडकीत "अ संघ २" झालं. आईला दाखवलं. "एवढंच?" म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

घड्याळ. यातच दोन संध्याकाळी गेल्या.

पहिल्यांदा भोळेपणाने केलं: चढाई सुरू झाली की सर्व्हर दर सेकंदाला आकडा पाठवणार, ३०, २९, २८. घरी झकास चाललं. गच्चीवर जाऊन मोबाइल डेटावर बघितलं तर २९ वर थांबलं, थांबलं, आणि एकदम २५. नेटवर्क सेकंद मोजून काम करत नाही, चार आकडे एका गठ्ठ्यात आले.

मग उलटं केलं. सर्व्हर फक्त एकदा सांगतो: चढाई या क्षणाला सुरू झाली. उरलेलं फोन स्वतः मोजतो. संदेश तीसऐवजी एक. पण फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे ना? आईच्या फोनवर चढाई सुरू होण्याआधीच संपली होती, कारण तिने घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलंय. एसटी चुकू नये म्हणून.

म्हणून फोन जोडला गेला की आधी वेळ जुळवून घेतो. फोन विचारतो, सर्व्हर आपली वेळ सांगतो, आणि जाऊन यायला किती लागलं ते फोन मोजतो. समजा १८० मिलिसेकंद लागले, तर उत्तर ९० पूर्वीचं धरायचं. जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो असं नाही, म्हणून पाच वेळा विचारून ज्यात सगळ्यात कमी वेळ लागला तेच उत्तर ठेवलं. टेबलाच्या फोनलाही हीच जुळणी, कारण चढाईची सुरुवात बटण दाबल्याच्या क्षणापासून मोजायची, संदेश सर्व्हरला पोचल्यापासून नाही.

गुरुजींना दाखवलं. त्यांनी ३० सेकंद पूर्ण होईपर्यंत बघितलं आणि "वेळ संपली" हे लाल अक्षर दिसताच मान हलवली. "हे काढ. वेळ संपली हे पंच सांगतो. तुझा फोन आधी बोलला तर लोक पंचाच्या अंगावर जातील." काढलं. आता शून्यावर नुसतं करडं होतं.

२१ डिसेंबर

सर्व्हरवर चढवलं, पुढे एनजिनएक्स, म्हणजे आलेली विनंती माझ्या प्रोग्रामकडे पोचवणारा दारवान. अपग्रेडचा हेडर तो आपणहून पुढे देत नाही, तो मुद्दाम लिहावा लागतो, एचटीटीपी १.१ पण सांगावं लागतं. हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की चहा करून आलो की जोडणी तुटलेली असायची. कोड १००६. हा कोड कुणी पाठवतच नाही. निरोप न देता जोडणी गेली की ब्राउझर स्वतःच तो नोंदवतो.

मोजलं, बरोबर ६० सेकंद. मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काही आलं नाही तर एनजिनएक्स हात झटकतो, ती त्याची मूळ मर्यादा. सामना चालू असताना हे कधी दिसलंच नसतं. मध्यंतर ५ मिनिटांचं, तेव्हा सगळ्यांचं एकदम तुटलं असतं.

यावर लोक ती मर्यादा एक दिवसाची करून टाकतात. मला ते पटत नाही. मध्ये अजून किती पेट्या आहेत, मोबाइल कंपनीचा नॅट (अनेक फोनना एकच पत्ता वाटणारा), घरचा राउटर, त्यांची मर्यादा कोण वाढवणार? दर २५ सेकंदांनी सर्व्हरकडून पिंग ("आहेस का?" अशी छोटी हाक) सोडलं. पिंगला पाँग देणं ब्राउझर आपलं आपण करतो.

२२ डिसेंबर

टेबलाचं लॉगिन. दुसऱ्या कुठल्याही साइटवरचं पान माझ्या सर्व्हरशी वेबसॉकेट उघडू शकतं, ब्राउझर अडवत नाही, उलट कधी कधी कुकीसुद्धा सोबत देतो. त्यामुळे 'ओरिजिन', म्हणजे विनंती कुठल्या साइटच्या पानावरून आली ते, आपणच तपासायचं. टोकन (लॉगिनची गुप्त खूण) पत्त्यात न घालता पहिल्या संदेशात घेतलं, पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटतो. तासाभराचं काम.

२९ डिसेंबर, रविवार

मैदानावर सराव सामना, पहिली खरी चाचणी. फजिती झाली ती सविस्तर लिहून ठेवतो.

मंडळाच्या खोलीत फायबर आहे. भिंतीवरचा फायबरचा डबा एका पिनेवर, वायफायचा राउटर दुसऱ्या. पहिल्या डावात कुणीतरी डब्याची पिन काढून स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला. राउटर चालूच. म्हणजे टेबलाच्या फोनवर वायफायच्या काड्या भरलेल्या, माझ्या पानावर हिरवा ठिपका, "जोडलेलं आहे". गुरुजी कागदावर लिहितायत, शेजारी माझा मावसभाऊ बटणं दाबतोय. चार चढाया. एकही बाहेर गेली नाही आणि कुठेही चूक दिसली नाही.

थोड्या वेळाने गुरुजींनी टीव्हीकडे बघितलं. "काय रं, तुझा बोर्ड झोपला की."

पिन परत लावली, तरी काही येईना. मी घाईत पान रिफ्रेश केलं आणि चारही चढाया गेल्या. कागद होता म्हणून वाचलो.

घरी येऊन उलगडा केला. टीसीपी जोडणी म्हणजे दोघांच्या दोन वह्यांमधली एकेक नोंद. मधली तार तुटली हे दोघांना कोण सांगणार? जाणारा निघताना सांगून गेला तर कळतं. तार काढली तर दोन्हीकडे नोंद तशीच. लिहिलेलं पोचलं नाही तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पुनःपुन्हा पाठवत राहते, मूळ सेटिंगला साधारण पंधरा मिनिटं. काही लिहायचंच नसेल तर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ही चाचपणी) पहिल्यांदा विचारतो तो दोन तासांनी. माझे चार संदेश त्या रांगेत बसले होते. डबा पुन्हा चालू झाला तेव्हा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलला, म्हणजे जुन्या जोडणीला परतायला दारच उरलं नाही. आणि माझा हिरवा ठिपका ब्राउझरच्या 'ओपन' या अवस्थेवरून रंगत होता. त्या अवस्थेचा खरा अर्थ "बंद झाल्याचं अजून कळलेलं नाही" एवढाच.

सर्व्हरवर तर माझीच चूक. पिंग पाठवत होतो, पण पाँगची वाट कुणी बघत नव्हतं. हाक मारायची आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही.

३० डिसेंबर

दुरुस्ती.

सर्व्हर: मागच्या पिंगला पाँग आलं नसेल तर पुढच्या पिंगच्या वेळी जोडणी सरळ तोडायची.

ब्राउझर: जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही आणि आलेलं दिसतही नाही, त्यामुळे तिथे ठोके आपले आपण मोजायचे. टेबल दर १० सेकंदांनी छोटा संदेश पाठवतं, ५ सेकंदांत उत्तर नाही तर जोडणी मेली असं धरतं. इथे अजून एक खोच. मेलेल्या जोडणीवर 'क्लोज' म्हटलं तरी ब्राउझर समोरच्याच्या निरोपाची वाट बघत थोडा वेळ काढतो. मेलेल्याकडून कसला निरोप? म्हणून त्याची वाट न बघता जुन्या सॉकेटचे कान (त्याच्या घडामोडी ऐकणारा कोड) काढून घ्यायचे आणि लगेच नवा उघडायचा. कान काढले नाहीत तर जुना मागाहून "मी बंद झालो" म्हणून ओरडतो आणि नव्या चांगल्या जोडणीलाच पाडतो. हे मी आज दोनदा पाहिलं.

हिरवा ठिपका काढून टाकला. त्याजागी "३ सेकंदांपूर्वी" असा मजकूर. शेवटचं उत्तर कधी आलं, एवढंच आपल्याला खात्रीने माहीत असतं.

२ जानेवारी २०२५

न पोचलेले संदेश आता फोनमध्येच साठवतो, सर्व्हरची पोच आली की मगच खोडतो. लगेच नवा घोळ: संदेश पोचला, पोच वाटेत हरवली, फोनने पुन्हा पाठवला. लोणाचे (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे) २ गुण दोनदा चढले.

प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर पोच देतो आणि नोंद सोडून देतो. पण खरा बदल वेगळाच झाला. आतापर्यंत सर्व्हर "अ संघाला २ वाढव" असं करत होता. गुरुजींची गुणपत्रिका समोर होती. त्यात ते कधीच खोडरबर वापरत नाहीत. चुकलं तर त्यावर आडवी रेघ, शेजारी नवीन नोंद, बेरीज खाली. मीही तेच केलं. सर्व्हरवर फक्त घडलेल्या गोष्टींची यादी: चढाई, पकड, बोनस, लोण, रद्द. गुण दर वेळी यादीवरून मोजायचे. 'रद्द' हीसुद्धा एक नोंदच.

यातून प्रेक्षकांचंही सुटलं. प्रत्येक नोंदीला सर्व्हरचा चढता आकडा आहे. तुटून परत आलेला फोन म्हणतो, "मी ४१२ पर्यंत बघितलंय", सर्व्हर ४१३ पासून देतो. फार मागे असेल तर सरळ पूर्ण फलक. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घेतले असते तर पुन्हा जोडणं आणि शेवटचा आकडा सांगणं ब्राउझरने स्वतः केलं असतं. ४ डिसेंबरचा मी जरा जास्तच खुशीत होतो.

५ जानेवारी, रविवार

खोटे प्रेक्षक सोडून बघितले. हजाराच्या आसपास सर्व्हर "फार फायली उघड्या" म्हणून अडला. लिनक्समध्ये प्रत्येक जोडणी ही एक फाइल, आणि मर्यादा १०२४. सिस्टमडीच्या (सर्व्हरवरचे प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइलमध्ये वाढवली. दुसरं जास्त महत्त्वाचं: सर्व्हर रीस्टार्ट केला तर २००० जण त्याच सेकंदाला परत दारात, टीएलएसच्या हस्तांदोलनातच सीपीयू बसला. आता परतायची वेळ १, २, ४ अशी दुप्पट होत ३० सेकंदांपर्यंत, आणि प्रत्येकाची थोडी मागेपुढे, नशिबावर. एसटीच्या दारात सगळ्यांनी एकदम घुसायचं नाही.

११ जानेवारी

रेंज नसलेल्या फोनसाठी सर्व्हर संदेश साठवत बसतो, मेमरी खातो. साठा वाढला की आता मधलं सगळं टाकून ताजा फलक एकदाच पाठवतो. १२-९ कधी झालं हे १८-११ ला कुणाला हवंय?

१७ जानेवारी

फोन झोपण्याचा प्रश्न. स्क्रीन बंद झाली की ब्राउझर पानाचे टायमर मंद करतो, काही फोन जोडणीच सोडतात. टेबलाच्या फोनवर वेक लॉक लावला, म्हणजे स्क्रीन जागी राहते. दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलं की तो सुटतो, पान पुन्हा दिसताच परत मागायचा. प्रेक्षकांच्या फोनवर पान दिसलं की ठोक्याची वाट न बघता लगेच तपासणी.

मावसभावाला बजावलंय: टेबलाच्या फोनवर रील बघायच्या नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

उद्घाटन तासभर उशिरा, भाषणं. सामने सुरळीत. टीव्हीला केबल ओढली, वायफायवर नाही ठेवला. फायबरच्या पिनेला लाल चिकटपट्टी आणि वर गुरुजींच्या अक्षरात "हात लावू नये".

रात्री मुंबईहून मामाचा फोन, "दिसतंय रे." बाकी कुणी काही बोललं नाही. या कामात कुणी काही बोललं नाही की चांगलं.

२५ जानेवारी

पावणेनऊला लाइट गेली. जनरेटर लगेच लागला, पण फायबर आणि राउटर सावरायला तीन मिनिटं गेली, आणि पंचांनी सामना थांबवला नाही. टेबलाच्या फोनवर "४० सेकंदांपूर्वी", "९५ सेकंदांपूर्वी" असं वाढत गेलं, खाली "न पोचलेल्या नोंदी ७". मावसभाऊ माझ्याकडे बघतोय. "दाबत राहा," म्हटलं. तळहाताला घाम.

नेट आलं, सात नोंदींची रांग एका दमात आत गेली, पोच सात. टीव्हीवर १४-१२ चं थेट १९-१२ झालं, मध्ये एक लोण. बाहेरच्यांना वाटलं काहीतरी चुकलं, दोन फोन आले. गुरुजींनी कागद सरकवला: १९-१२.

२६ जानेवारी, रविवार

अंतिम सामन्याला मैदानावर एवढी गर्दी की मोबाइल डेटा जवळपास बंद. जे बाहेरगावी होते त्यांना मैदानावरच्यांपेक्षा आधी दिसत होतं. मंडपातला टीव्ही तारेवर असल्यामुळे वाचला. एका संघाचं नाव चुकीचं होतं, मध्यंतरात दुरुस्त करून सर्व्हर रीस्टार्ट केला, जाताना सगळ्यांना १००१ चा रीतसर निरोप देऊन. टीव्ही दोन सेकंद थांबला आणि परत आला. चालू स्पर्धेत हात घालायला नको होता, पण त्या संघाचा कर्णधार तीनदा येऊन गेला होता.

२ फेब्रुवारी, रविवार

गुरुजींच्या ओट्यावर बसून सगळ्या गुणपत्रिका आणि माझी यादी ताडून बघितली. एका उपांत्य सामन्यात फरक निघाला: कागदावर ३१-२७, माझ्याकडे ३१-२८. त्या रात्री कुणाच्याच लक्षात आलं नाही, निकाल तोच.

यादीत शोधलं. दुसऱ्या डावात बोनस, आणि त्याच चढाईला पुन्हा बोनस, ४०० मिलिसेकंदांच्या अंतराने. दोन्हींचे क्रमांक वेगळे. नेटवर्कने दोनदा पाठवलेलं माझा सर्व्हर ओळखतो, पण हे बोटाने दोनदा दाबलेलं होतं, आणि माझा क्रमांक बटण दाबल्यावर जन्माला येतो. तो चढाई सुरू होतानाच द्यायला हवा, म्हणजे एका चढाईला एकच बोनस बसेल. कामाच्या यादीत टाकलं.

गुरुजींनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी महिलांचे सामने पण घेणार म्हणतायत, १५-५-१५, म्हणजे डाव १५ मिनिटांचा. तुझ्यात २०च लिहिलंय ना?"

हो, २०च लिहिलंय. तीन ठिकाणी.